आमच्या घरचा संप
(गणेशोत्सवातील सायंकाळच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आरती झाली आहे आणि प्रसाद अजून यायचा आहे. अशा वेळी भाषण करणाऱ्याने लवकर आटपावं, हे मला कळतं.

1998 साली बदली होऊन मी बंगळूरला आलो. पहिल्याच दिवशी घरमालक म्हणाले, "संप में पानी है, चिंता मत करो." मला चिंताच वाटली! आम्ही मूळचे गिरणगावातले. 1982 चा संप पाहिलेला माणूस तो शब्द ऐकून दचकणारच. मग कळलं, की जमिनीखालच्या हौदाला इथे संप म्हणतात. कावेरीचं पाणी एक दिवसाआड त्या संपात येतं आणि मोटर लावून ते गच्चीवरच्या टाकीत चढवायचं असतं.

2002 साली आमचं स्वतःचं घर झालं आणि हे काम आपोआप आमच्या सौ.कडे गेलं. कुणी सोपवलं नाही, तिने मागितलंही नाही. पहाटे पाचला शेजारच्या अज्जींची "नीरु बंतु!" अशी हाक आली की ही उठायची. मोटर लावायची, कान टाकीकडे ठेवून पोळ्या लाटायची आणि आवाज बदलला की बंद करायची. बावीस वर्षं.

मार्च 2024 आपल्या सगळ्यांच्या लक्षात असेल. बोअरवेल आटल्या होत्या, टँकरसाठी रांगा होत्या आणि पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर 5000 रुपये दंड होता. त्याच महिन्यात एका सकाळी हिला पुण्याहून मुलीचा फोन आला आणि मोटर चालूच राहिली. टाकी भरून पाणी जिन्यावरून वाहू लागलं. मी पेपर वाचत होतो. पाण्याचा आवाज मलाही येत होता, पण मोटर बंद करणं हे माझं काम आहे असं मला वाटलंच नाही. ही धावत गेली, ओल्या पायरीवर घसरली आणि मनगट मोडलं.

प्लास्टर घातल्यावर मी बादली घेऊन मोजमाप केलं. 15 लिटरची बादली 20 सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला 45 लिटर. त्या दिवशी 40 मिनिटं पाणी वाहिलं, म्हणजे 1800 लिटर. शहरातल्या माणसाला रोज 135 लिटर पाणी मिळावं, असं आपल्या देशातलं प्रमाण आहे. तेरा माणसांचं एका दिवसाचं पाणी जिन्यावरून गेलं होतं.

घरात एक खोका पडून होता. मुलाने सुरक्षेसाठी आणलेले सेन्सर त्यात होते. दार उघडलं की फोनवर निरोप यायचा. आपल्याकडे दार दिवसभर उघडंच, त्यामुळे चार दिवसांत कंटाळून ते काढून ठेवले होते.

दाराच्या सेन्सरचे दोन भाग असतात. एक साधं लोहचुंबक आणि दुसरी बारीक स्विच असलेली डबी. चुंबक जवळ आलं की डबी सांगते, 'दार बंद'. मी टाकीत प्लास्टिकचा पाइप उभा केला. त्यात तरंगणारा थर्माकोल, थर्माकोलला काडी आणि झाकणातून वर आलेल्या काडीच्या टोकाला चुंबक. पाणी चढलं की चुंबक वर बसवलेल्या डबीजवळ येतं. 'दार बंद' म्हणजे टाकी भरली! विजेचं काहीही पाण्यात नाही. दुसऱ्या दाराचा सेन्सर याच पद्धतीने संपावर बसवला. तो संप रिकामा होत आला की कळवतो. वॉशिंग मशीनखाली गळती कळावी म्हणून आणलेला सेन्सर टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपच्या तोंडाशी ठेवला. त्याच्या दोन टोकांमध्ये पाणी आलं की तो ओरडतो. हे सगळे निरोप जुन्या लॅपटॉपवरच्या 'होम असिस्टंट' या मोफत प्रणालीत येतात आणि ती मोटर बंद करते.

आता चुकाही सांगतो, कारण उपयोग त्यांचाच जास्त आहे.

पहिली चूक. 'भरली असा निरोप आला की बंद कर' एवढाच नियम मी ठेवला होता. एके दिवशी मोटर चालू असताना राऊटर अडकला. निरोप पोचला नाही आणि टाकी पुन्हा वाहिली. तेव्हा मोटरच्या स्मार्ट स्विचमध्येच 25 मिनिटांची मर्यादा घातली. हजार लिटरच्या टाकीला तेवढी पुरते. निरोप येवो न येवो, मोटर थांबतेच. यंत्र बिघडलं तर ते बंद स्थितीत बिघडावं, हे आपण फॅक्टरीत आयुष्यभर शिकवलं. घरी मात्र मी विसरलो!

दुसरी चूक. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. मी ती सरळ स्मार्ट प्लगवर लावली आणि प्लगचे आतले संपर्क चिकटून बसले. आता मोटरचा भार कॉन्टॅक्टरवर आहे आणि स्मार्ट स्विच फक्त त्या कॉन्टॅक्टरला हुकूम देतो. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा.

तिसरी चूक यंत्राची नव्हती. 'संप रिकामा' हा निरोप घरातल्या चौघांच्याही फोनवर आला. प्रत्येकाला वाटलं दुसरा टँकर सांगेल. संध्याकाळी नळ कोरडे! बावीस वर्षं एकटीच्या डोक्यावर असलेलं काम चौघांत वाटलं, तर ते कुणाचंच राहिलं नाही. आता फ्रिजवरच्या कॅलेंडरवर आठवड्याची पाळी लिहिलेली असते. सेन्सर निरोप देतो, टँकर माणसालाच बोलवावा लागतो.

ऑक्टोबर 2024 मध्ये कावेरीच्या पाचव्या टप्प्याचं पाणी सुरू झालं. तरीही सुमारे 100 किलोमीटरवरून उपसून, चढवून आणलेलं हे पाणी आहे. ते जिन्यावरून वाहू देण्याचा हक्क आपल्याला नाही.

यंदा मे महिन्यात सौ. पहिल्यांदाच ऐन उन्हाळ्यात पंधरा दिवस मुलीकडे राहून आली. पाण्याची पाळी माझी होती. दुसऱ्याच दिवशी सकाळी पुण्याहून फोन. "अहो, टाकी भरल्याचं आलंय. मोटर बंद झाली का, वर जाऊन बघा. आणि पायरी बघून चढा."

मी बघून आलो. बंद झाली होती.

कुणाला घरी असं काही करायचं असेल, तर रविवारी बोलवा. बादली आणि घड्याळ घेऊन येईन. मात्र त्या घरात मोटर कोण लावतं, ते मी आधी विचारणार आहे.

गणपती बाप्पा मोरया!