घरात आलेल्या ध्वनिफिती

तारुण्यात वाचलेल्या ग्रंथांचे ऋण मानण्याची आपल्याकडे प्रथा आहे. ऐकलेल्या ध्वनिमुद्रिकांचे ऋण सहसा कोणी मानीत नाही. माझ्यापुरते सांगावयाचे तर माझ्या कानांना आणि काही अंशी स्वभावालाही वळण लावले ते एका ध्वनिफितीने. (ध्वनिफीत हा शब्द मी आज शिक्षक म्हणून वापरतो. तेव्हा आम्ही सरळ कॅसेटच म्हणत असू.) या फितीपायी वडिलांशी माझा जो वाद झाला, तो पुढे कित्येक वर्षे चालला.

१९९२ साली मी तेरा वर्षांचा होतो. घर बेळगावात, घरची बोली कोकणी, शाळेची भाषा मराठी आणि बाजारातली कानडी. वडील चर्चच्या गायनवृंदाचे प्रमुख. गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्य स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकविण्याची परंपरा पोर्तुगीज काळापासूनची. वडील त्याच मुशीतून निघालेले. सबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस अशा गोमंतकीय वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद उभे केले ते याच शिक्षणाच्या बळावर, हे ते अभिमानाने सांगत. कागदावर जे उतरत नाही ते संगीत कच्चे, असे त्यांचे मत होते. आठव्या वर्षापासून त्यांनी मला व्हायोलिन शिकविले. धर्मबाह्य गाण्यांविषयी त्यांच्या मनात तिरस्कार नव्हता. परंतु ती गाणी आमच्या घरात नव्हती एवढे खरे.

शेजारी एक निवृत्त सुभेदार राहत. सुटीच्या एका सायंकाळी ते एक फीत घेऊन आले आणि वडिलांना म्हणाले, "मास्तर, ही ऐकून पाहा. यात गाणेच नाही, म्हणजे तुमच्या घरातही चालेल."

ती 'कॉल ऑफ द व्हॅली'. हिज मास्टर्स व्हॉइसने १९६७ च्या सुमारास ही ध्वनिमुद्रिका काढली. निर्माते जी. एन. जोशी, म्हणजे मराठी भावगीताच्या पहिल्या पिढीतील गायक. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. पहिले तिघेही तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावरचे. काश्मीरमधील एका मेंढपाळाचा एक दिवस, एवढीच कल्पना. पहाटेला अहिर भैरव आणि नट भैरव, मग पिलू, दिवेलागणीनंतर भूप, रात्री देस आणि अखेरीस पहाडी. मध्ये एकदा फीत उलटावी लागे, तेवढीच विश्रांती. आवडता तुकडा चटकन काढावा तर बटण दाबून अंदाजाने फीत पुढे न्यावी लागे, आणि त्यात ती गुंतण्याची भीती. त्यामुळे दिवस पहाटेपासूनच ऐकावा लागे. रागाला वेळ असते हे मला कोणा गुरूने शिकविले नाही, या सक्तीने शिकविले.

या मुद्रिकेतील मौज मला फार उशिरा उमगली. संतूर हे काश्मीरच्या सूफियाना मौसिकीतील वाद्य. सुमारे शंभर तारा आणि त्यांवर आघात करणारी लाकडी कलमे. शिवकुमारांनी १९५५ साली मुंबईत ते रसिकांपुढे आणले तेव्हा जाणकारांचा आक्षेप होता की, यातून मींड निघत नाही, मग राग कसा वाजणार? आघाताने उमटलेला स्वर तुटतो. एका स्वरावरून दुसऱ्यावर वाहत जाणे त्याला साधत नाही. त्यांनी तारांवर कलम हलकेच घसरवून त्या वाहण्याचा भास निर्माण केला. आणि याच मुद्रिकेत त्यांच्या शेजारी आहे काब्रांची गिटार. तारेवर धातूची कांब सरकवून ती वाजते. तिच्यात मींडेखेरीज दुसरे आहे तरी काय! एकाला जे दुर्लभ ते दुसऱ्याला सहज, आणि दोघेही एकाच खोऱ्यात.

मी ती गिटार व्हायोलिनवर काढू लागलो. भूपातील पंचमावरून गंधारावर बोट न उचलता उतरावयाचे, हा माझा छंद झाला. वडिलांच्या शिस्तीत हे दूषण होते. "पुता, स्वर पायरीवर ठेवावा, घसरगुंडीवर नव्हे," ते म्हणत. १९९४ च्या नाताळात मध्यरात्रीच्या मिस्सेला ग्रूबरचे ते १८१८ सालचे शांत रात्रीचे गीत वाजविताना माझे बोट घसरले. मुद्दाम घसरले, हे आज कबूल करतो. वडिलांनी हार्मोनियमवरून हात उचलला. चार मात्रा व्हायोलिन एकटेच वाजत राहिले. घरी येईपर्यंत ते एक शब्दही बोलले नाहीत, आणि पुढचे सहा महिने मी गायनवृंदात वाजविले नाही.

याच काळात घरात आणखी फिती आल्या. १९९५ साली लोर्ना यांचे 'हॅलो लोर्ना' निघाले. वीसएक वर्षांच्या मौनानंतरचा तो आवाज ऐकताना आई चुलीवरची आमटी विसरली. त्या दिवशी आम्ही करपलेले जेवलो आणि कोणी तक्रार केली नाही. भीमसेन जोशी यांचे अभंगही आले, तेही आता कोणाची हरकत न होता. जिथे दुकानाच्या पाटीवरून माणसे हमरीतुमरीवर येत, त्या गावात गदगकडच्या या कानडी घरच्या माणसाचे मराठी अभंग आणि कानडी दासवाणी, दोन्ही एकाच टपरीवर विकली जात. त्याविषयी बोलावयाचे तर एक स्वतंत्र भाषण हवे.

वडील २०१४ साली गेले. त्यांच्या प्रार्थनागीतांच्या वह्या आवरताना पाच रेघांचा एक कागद मिळाला. वर पेन्सिलीने 'भूप' एवढेच लिहिलेले. म्हणजे मी शाळेत असताना ते एकटेच ती फीत ऐकत बसत असले पाहिजेत. सा, रे, ग, प, ध हे पाच स्वर त्यांनी अचूक उतरविले होते; त्यात चूक होणे शक्यच नव्हते. पंचम आणि गंधार यांच्यामध्ये मात्र एक वाकडी रेघ होती. ती खोडली होती, पुन्हा काढली होती, पुन्हा खोडली होती. कागद तेवढ्या जागी झिजून आरपार दिसत होता.