१६० चौरस फुटांत सहा जणं

आज घरातल्या जागेबद्दल बोलू.

वरळीच्या बीडीडी चाळीत आमची खोली १६० चौरस फुटांची. १९२०च्या दशकातलं बांधकाम, संडास सगळ्या मजल्यात मिळून. रील्सवाले सांगतात, फोल्डिंग टेबल घ्या. घ्या की! आमच्याकडे कॉटखाली डबे, पोटमाळ्यावर गाद्या. पण डबे रचून किती जागा निघणार? आम्ही वेळ वाटून घेतली. पहाटे मोरी आईची. रात्री दहानंतर बाबांची गादी पॅसेजमध्ये. ताईची बारावी आली तेव्हा साडेआठ ते अकरा कॉट तिची, टीव्ही बंद. आजोबा बाहेर खुर्ची टाकून बसायचे. मला वाटायचं, त्यांना हवा आवडते. थंडीत त्यांचे गुडघे किती ठणकायचे, हे ताईला कळलं तेव्हा परीक्षा संपली होती. ती अजून त्यावर बोलत नाही.

पुनर्विकासात आता ५०० चौरस फूट मिळणार आहेत. तोवर हा पॉडकास्ट पोटमाळ्यावरूनच. गाद्यांमुळे आवाज घुमत नाही, करून बघा!

तुमच्या घरी बाहेर खुर्ची टाकून कोण बसतं? व्हॉइस नोट पाठवा.