तबकडी, कॅसेट आणि मोबाईल



तबकडीचा आवाज भरदार आणि मोबाईलचा पत्र्यासारखा, हे मोहगावातल्या मांडवाबाहेरच्या गप्पांत नेहमी ऐकू येते. म्हणणारे खोटे बोलत नाहीत. पण आम्हांला वाटते, दोष भलत्याच्याच माथी जातो.

तबकडीवर आवाज खाचेच्या वळणांत कोरलेला असतो. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे. अब्दुल करीम खाँसाहेबांनाही अख्खा राग तेवढ्यातच बसवावा लागला. (आणि काय बसवला आहे!) १९७७ साली व्हॉयेजर यानांतून आपल्या गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवी अंतराळात गेली, तीही तबकडीवरच, सोबत सुई देऊन.

सीडी आली १९८२ मध्ये. तिच्यात आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून आकड्यांत लिहितात. मधल्या जागा रिकाम्या राहतात, असा समज आहे, तसे नाही. त्या आकड्यांवरून सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतचा, म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू येणारा सगळा आवाज अखंड परत उभा राहतो. साठीच्या कानांना तर त्यातलेही वरचे ऐकू येत नाही! मग मोबाईल असा का वाजतो? स्पीकर नखाएवढा, आणि गाणे बहुतेक वेळा दाबून लहान केलेले. चांगली फाईल मोठ्या स्पीकरवर लावून पाहा.

केसरबाईंच्या गाण्याच्या प्रती जगभर आहेत. आपल्या भजनी मंडळांच्या, पोळ्याच्या झडत्यांच्या, आजोबांच्या आवाजाच्या कॅसेटी मात्र एकेकच. पेटीत पडून फितीला बुरशी लागते, ती चिकटते, एक दिवस डेकमध्ये गुंडाळली जाते. म्हणून हे काम लांबवू नये. पण मोबाईल डेकसमोर धरून रेकॉर्ड करू नका, त्यात पंखाही गातो. डेकचे हेड स्पिरिटने पुसा, लाइन-आउटमधून वायर संगणकाला जोडा आणि डब्ल्यूएव्ही फाईल करा. तासाला सुमारे ६३५ एमबी लागतात. ३२ जीबीच्या कार्डात पन्नासेक तास मावतात. खरखर काढण्याची घाई नको, तिच्याबरोबर टाळांची झणझणही जाते. प्रती दोन करा, दोन वेगळ्या घरी ठेवा. कॅसेट फेकू नका.

विसर्जनापर्यंत रोज आरतीनंतर आम्ही मांडवामागे डेक आणि लॅपटॉप घेऊन बसणार आहोत. आवाज कुणाचा आणि साल अंदाजे कोणते, एवढे चिठ्ठीवर लिहून आणा.