मटण काळं का पडतं?



कापूस-ज्वारी दगा देते तेव्हा आपल्या जिल्ह्याची संगमनेरी शेळी घर सावरते. पण बोकडाचं मटण काळं निघालं की पुढच्या बोकडाचा भाव पडतो. दोष नेहमी जातीचा नसतो. स्नायूत साखरेचा साठा असतो. कापल्यावर त्याचं आम्ल होतं, सामू ७ वरून ५.६ च्या आसपास उतरतो. मटण लाल राहतं, टिकतं. टेम्पोत कोंबलेलं, उपाशी, मार खाल्लेलं जनावर हा साठा आधीच जाळून बसतं. मग सामू ६ च्या वरच अडकतो. मटण काळपट, चिकट होतं, लवकर नासतं. वय झालेल्या जनावराचं मटण तर मुळातच गडद.

म्हणून बोकड निवांत न्या, पाणी पाजा, सावलीत बसवा. आणि भाव नजरेच्या अंदाजानं नव्हे, काट्यावर मागा!