शेतमजुरांची नभोवाणी



अमेरिकेच्या टेक्सास राज्यात, पश्चिमेकडच्या कोरड्या मुलखात, सारागोसा नावाचे एक लहानसे खेडे आहे. वस्ती बहुतेक मेक्सिकन वंशाच्या लोकांची. घरीदारी बोलणे स्पॅनिश. २२ मे १९८७ ची संध्याकाळ. गावच्या सभागृहात बालवाडीच्या मुलांचा समारंभ चालला होता. आईबाप, आजीआजोबा कौतुकाने जमले होते. इतक्यात, तिकडे ज्याला टॉर्नेडो म्हणतात ती प्रचंड वावटळ गावावर उतरली. ३० माणसे मेली. त्यांतली २२ त्या सभागृहातच.

आता तुम्ही विचाराल, आधी कुणी सांगितलं नाही का हो? सांगितले होते. हवामान खात्याने इशारा दिला होता. पण नंतर अभ्यासकांनी चौकशी केली, तेव्हा आढळले की तो बहुतेक गावकऱ्यांपर्यंत पोचलाच नाही. इशारा होता तो मुख्यतः इंग्रजीत. स्पॅनिशमध्ये तो वेळेवर, ठासून सांगितला गेला नाही. आणि घरोघर टेलिव्हिजनवर स्पॅनिश कार्यक्रम चालू असला, तरी तो येत होता दूरच्या शहरातून. त्यात सारागोसाचे नाव कोण घेणार? जिथे भाषा आपली होती तिथे गाव नव्हते, आणि जिथे गाव होते तिथे भाषा नव्हती.

ही गोष्ट मनात ठेवा, म्हणजे आजचा विषय चटकन ध्यानात येईल. अमेरिकेतल्या लहान गावांतून स्पॅनिश भाषेची जी छोटी नभोवाणी केंद्रे निघाली, त्यांच्याविषयी मी बोलणार आहे.

अमेरिकेत स्पॅनिश काही काल आलेली नाही. १८४८ साली मेक्सिकोशी झालेले युद्ध संपले आणि मेक्सिकोचा फार मोठा मुलूख अमेरिकेत गेला. त्याबरोबर तिथली माणसे आणि त्यांची बोलीही गेली. पुढे १९४२ ते १९६४ या काळात करार करून मेक्सिकोतून लाखो मजूर शेतीकामासाठी नेण्यात आले. २०२० च्या जनगणनेत स्पॅनिशभाषक मुलखांशी नाते सांगणारे लोक ६ कोटी २० लाखांवर भरले.

रेडिओवर मात्र त्यांच्या वाट्याला प्रथम उष्टी वेळ आली. केंद्राचे मालक ज्या वेळेला गिऱ्हाईक नसे ती वेळ स्वस्तात विकत. लॉस एंजेलिसला पेद्रो गोन्सालेस हे गृहस्थ १९३० च्या सुमारास पहाटे चार ते सहा कार्यक्रम करीत. त्यांच्या गायकमंडळींचे नाव 'लोस माद्रुगादोरेस', म्हणजे पहाटे उठणारे. मालकांना ती वेळ निरुपयोगी वाटे. पण मजूर तर त्याच वेळी उठून कामाला निघायचा! १९४६ साली सॅन अँटोनिओ शहरात राउल कोर्तेस यांनी स्वतःचे पूर्णवेळ स्पॅनिश केंद्र सुरू केले.

पण ही शहरे झाली. खेड्याचे काय?

गुरुजींनी वर्गात नकाशा उघडला, तर मुलांना वायव्येकडचे वॉशिंग्टन राज्य दाखवावे. राजधानीचे वॉशिंग्टन ते वेगळे. तिथे याकिमा नावाचे खोरे आहे. पाऊस थोडा, पण पाटाच्या पाण्यावर सफरचंद, चेरी, द्राक्षे उदंड पिकतात. तोडणीला माणसे येतात ती टेक्सासहून आणि मेक्सिकोहून. या खोऱ्यातल्या ग्रेंजर नावाच्या लहान गावी डिसेंबर १९७९ मध्ये एक केंद्र सुरू झाले. अमेरिकेत पश्चिमेकडच्या केंद्रांना 'के' पासून सुरू होणारी अक्षरे मिळतात. यांची अक्षरे के-डी-एन-ए. ती स्पॅनिश धाटणीने जोडून वाचली की होते 'कादेना', म्हणजे साखळी. ब्रीद होते 'शेतमजुराचा आवाज'. रिकार्दो गार्सिया, रोसा रामोन आणि त्यांचे सहकारी यांनी ते उभे केले. केंद्राचा कारभार रोसाबाईंनी पाहिला. त्या काळी केंद्रप्रमुखाच्या खुर्चीत बाई, हीच केवढी नवलाई!

या केंद्रावर गाणी होती, तशी कामाची माहितीही होती. फवारणीच्या विषारी औषधांपासून जीव कसा जपावा, मजुरी कमी मिळाली तर दाद कुठे मागावी, दवाखाना कुठे आहे, हे सारे मायबोलीत. स्त्रियांसाठी निराळे कार्यक्रम असत. परदेशी मजुरांची धरपकड करणारे अधिकारी खोऱ्यात आल्याची कुणकुण लागली, की निवेदक त्यांच्यावरचेच गाणे लावी. ऐकणारा काय ते समजून घेई. असा इशारा दूरच्या शहरातून देता येईल का? त्याला बांध माहीत हवा, रस्ता माहीत हवा.

शिवाय रेडिओला वाचता येण्याची अट नाही. हात झाडावर, कान रेडिओकडे, असे दोन्ही साधते.

१९८० च्या ४ जुलैला कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो येथे 'रेडिओ बिलिंग्वे' सुरू झाले. त्याचे संस्थापक ह्यूगो मोरालेस मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतातले. लहानपणी शेतमजुरी केलेले, पुढे हार्वर्डला कायदा शिकलेले. त्यांची मातृभाषा स्पॅनिश नव्हे, तर मिस्तेको ही तिथली मूळची भाषा. त्यांच्या केंद्राने मिस्तेको बोलणाऱ्यांसाठीही कार्यक्रम चालवला. स्वतःच्या भाषेसाठी झगडणाऱ्याने आपल्याहून लहान भाषेला जागा करून दिली, हे मला फार मोलाचे वाटते.

२००० साली सरकारने अवघ्या १०० वॉटच्या केंद्रांना परवाने देण्याचे ठरवले. आवाज जायचा पाचसहा किलोमीटर. पण गाव तेवढेच असेल तर आणखी काय हवे? फ्लोरिडातल्या इमोकाली या टोमॅटोच्या गावी मजुरांच्या संघटनेने असेच केंद्र काढले.

अडचण पैशाची. गरीब श्रोत्याकडे पाहून जाहिरातदार येत नाही. म्हणून अशी बिनव्यापारी केंद्रे वर्गणीवर, देणग्यांवर आणि सरकारी अनुदानावर चालतात. जुलै २०२५ मध्ये अमेरिकन संसदेने सार्वजनिक नभोवाणी व टेलिव्हिजनसाठी मंजूर केलेले १.१ अब्ज डॉलर परत घेतले. मोठ्या शहरातल्या केंद्राला धनिक देणगीदार तरी मिळतो. खेड्यातल्या केंद्राने कुणाच्या दारी जावे?

एखादे केंद्र बंद पडले तर गाणी अडणार नाहीत. ती कुठूनही ऐकता येतात. अडेल ते सारागोसाला अडले होते तेच. आभाळ काळे झाले, की आपल्या गावाचे नाव घेऊन, आपल्या बोलीत, 'सुरक्षित आसरा घ्या' म्हणून ओरडणारे कुणीतरी हवे. तो माणूस संकटाच्या दिवशी नेमून मिळत नाही. तो रोजचा, ओळखीचाच असावा लागतो.