माळ्यांना आपली झाडं शिकवताना

(मंडळाच्या सभागृहात पावसाळ्याच्या तोंडावर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी काही व्याख्याता नाही. राज्य सरकारच्या नोकरीत आहे, उद्यानविद्येचा डिप्लोमा केलेला आहे. बागकामाचे ठेके घेणाऱ्या मंडळींना आणि त्यांच्या माळ्यांना शिकवण्याचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. सेक्रेटरींनी देशी झाडांवर बोलायला सांगितलं. मी झाडांपेक्षा ती लावणाऱ्या माणसांवरच जास्त बोलेन, तेवढं चालवून घ्या.

सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. अडुळसा कुंपणाला उत्तम. शेळ्या तोंड लावत नाहीत, पाणी फार लागत नाही, पांढरी फुलं येतात. एका आवारासाठी मी 200 रोपांची मागणी लिहिली. अडुळशाला गुजरातीत म्हणतात अरडूसी. मी घाईत लिहिलं अरडूसो. आता अरडूसो म्हणजे आपला महारूख, सरळ आभाळात जाणारं झाड! रोपं आली त्या दिवशी छोटाउदेपूरकडचा एक मजूर मला म्हणाला, "साहेब, आ तो मोटुं झाड थशे." मी म्हणालो, कागदावर आहे तेच लाव. दोन पावसाळ्यांत कुंपण माझ्या डोक्यावरून गेलं. ते काढण्याचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा, यावर पुढे बराच पत्रव्यवहार झाला.

हसण्यासारखी गोष्ट आहे, पण मला अजून बोचतं ते वेगळंच. त्या माणसाला झाड माहीत होतं. डिप्लोमा माझ्याकडे होता, म्हणून त्याचं ऐकलं गेलं नाही.

दुसरी कबुली जास्त अवघड आहे. कोनोकार्पस आपण सगळ्यांनी पाहिलाय, रस्त्याच्या दुभाजकावर, सोसायटीच्या भिंतीलगत, हिरवागार, वर्षभर पान न गाळणारा. बाहेरदेशीच्या किनाऱ्याकडचं झाड. सप्टेंबर 2023 मध्ये गुजरातच्या वन खात्याने त्याच्या लागवडीवर आणि रोपवाटिकांवर बंदी आणली. हिवाळ्यात त्याच्या परागांनी सर्दी, खोकला, दमा वाढतो आणि मुळं गटारांत, केबलींत शिरतात, ही कारणं दिली गेली. त्याआधी मीच वर्गात ठेकेदारांना सांगत होतो, "कोनोकार्पस लावा, तक्रार येणार नाही." माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलांनी तो गल्लोगल्ली लावला. बंदी आल्यावर एकाने फोन करून विचारलं, "साहेब, आता काय लावू?" तेव्हा माझ्याजवळ तयार उत्तर नव्हतं. नावं होती हो. करंज, बहावा, पळस, शमी. पण ती वाढवायची कशी, छाटायची कधी, गिऱ्हाइकाला समजवायची कशी, हे मी कधी शिकवलंच नव्हतं.

ते आता शिकवतो. कडुनिंबाचं बी दोन-तीन आठवड्यांत निकामी होतं, म्हणून निंबोळी पडली की लगेच पेरायची. पोत्यात भरून ठेवली की गेली. बहाव्याचं उलट. त्याचं बी दगडासारखं असतं, कवच घासल्याशिवाय किंवा गरम पाण्यात टाकल्याशिवाय लवकर उगवत नाही. पळसाचं सोटमूळ खोल जातं. पिशवीत जास्त दिवस राहिलं तर तळाशी गुंडाळी होते आणि मग ते झाड आयुष्यभर अडखळतं. पळस, म्हणजे इथला खाखरा, पहिली दोन वर्षं वर खुंटीसारखा दिसतो, सगळी मेहनत जमिनीखाली चाललेली असते. माळी कात्री घेऊन येतो तेही नेमकं माघ-फाल्गुनात. पानं गळालेली पाहून त्याला वाटतं झाड मेलं, आणि तो केसरी कळ्यांसकट फांद्या उतरवतो. रुईची पानं सुरवंटांनी कुरतडली की तो पंप घेऊन धावतो, मग फुलपाखरं कुठून येणार?

आणि पाणी! परदेशी हिरवळीला रोज पाणी देण्याची सवय हाताला लागलेली. मुळं धरलेल्या देशी झाडालाही तसंच रोज भिजवलं की आपल्या चिकट काळ्या मातीत मुळं कुजतात. या एका सवयीपुढे माझी निम्मी तासिका जाते.

पण अडचण माळ्यापेक्षा कराराची आहे. एका वसाहतीच्या कमिटीने माझ्याच एका विद्यार्थ्याला 11 महिन्यांच्या देखभालीचा ठेका दिला. त्याने प्रामाणिकपणे बहावा, निरगुडी, अडुळसा, थोडा पळस लावला. सातव्या महिन्यात कमिटीने सांगितलं, "हे तर रान दिसतंय." ठेका दुसऱ्याला गेला. त्या मुलाच्या घरी चार माणसं खाणारी. दुसऱ्या दिवशी त्याने मला विचारलं, "साहेब, तुमचं शिकून माझं काय झालं?" तेव्हापासून मी त्यांना पहिल्याच तासाला कागद लिहायला शिकवतो. पहिल्या वर्षी बाग कशी दिसेल, दुसऱ्या वर्षी कशी, पानगळ कधी होईल, हे सहीसकट गिऱ्हाइकाला आधी द्यायचं. आणि झाडं धरेपर्यंत मधल्या जागेत झेंडू, तेरडा लावायचा, म्हणजे डोळ्यांना रंग मिळतो आणि ठेका वाचतो. झेंडू मेक्सिकोकडचा, हे मला कोणी सांगू नका. पोटासाठी तेवढी तडजोड करतो.

आपल्या शहराला हा विचार नवा नाही. सयाजी बाग 1879 ची. क्यू इथे काम केलेले क्रुंबिगल 1893 साली बडोदा संस्थानात आले, पुढे बंगलोरच्या लालबागेत गेले. 1890 मध्ये कला भवन सुरू झालं ते कारागिरांना त्यांच्या भाषेत धंदा शिकवायला. मी वर्गात अरडूसी आणि अरडूसो शेजारी शेजारी ठेवून शिकवतो, तेव्हा मला कला भवन आठवतं. आता रोपं ओळखण्याचा तास मी घेतही नाही, तो दाहोद-छोटाउदेपूरकडचे मजूर घेतात. त्यांना महुडा, खाखरा पानाच्या देठावरून कळतो. मी वहीत लिहून घेतो.

गणपती जवळ आलेत म्हणून एक सांगतो. खंडेराव मार्केटातून आपण पत्रीची जुडी आणतो. 21 पानांपैकी किती आपल्याला नावानिशी ओळखता येतात? मी घरी मुलीला विचारलं, तिला तुळस, दूर्वा, बेल आणि डाळिंब एवढी चार आली. मला चौदा. आमच्या आजीला सगळी येत होती, आणि आघाडा परसातच उगवायचा. शमी समजून गांडा बावळाची डहाळी खपवतात, हे मी स्वतः पाहिलंय. ओळखायची खूण सोपी आहे. गांडा बावळाला पेऱ्यापेऱ्यावर लांब जोडकाटे असतात. शमीचे काटे आखूड, पेऱ्यांच्या मधे विखुरलेले.

शेवटी एक मागणं. मंडळाच्या फाटकालगत पिवळ्या ड्युरांटाची रांग आहे. दर महिन्याला ती कापायला आपण पैसे देतो. ती काढून त्या पट्ट्यात माझ्या विद्यार्थ्यांना अडुळसा, निरगुडी, आघाडा, जाई आणि कोपऱ्यात एक शमी लावू द्यावी. पहिलं वर्ष ते ओसाडच दिसेल, हे आत्ताच सांगून ठेवतो. तो कागद मी सही करून आणला आहे. ठेका ज्याचा गेला त्याच मुलाला हे काम द्यावं, अशी माझी विनंती आहे. अध्यक्षांनी मान हलवलेली दिसली. ती होकाराची धरून मी उद्या सकाळी माप घ्यायला येतो.