पसंतीक्रम

मी गोदीतला मॅट्रिक हमाल. डॉक्टरकीतलं मला काय कळणार? पण धाकटीला नीटमध्ये मार्क कमी पडले आणि फॉर्मचं ओझं माझ्याच पाठीवर आलं. एजंट म्हणाला, खाजगी डीम्ड घ्या. अरे, तिथं आपलं आरक्षण नाही, फी तर खोली विकून भागणार नाही. (खोली तरी आपली कुठाय!)

सरकारी कॉलेजात १५ टक्के जागा अखिल भारतीय, ८५ राज्याच्या. अनुसूचित जातींना तिकडं १५ टक्के, इथं १३. दोन्हीकडं भरलं.

लोक सांगतात, मिळेल तेच वर लिहा. साफ खोटं! वरचं हुकलं की खालचं बघतातच. म्हणून वर मुंबई. मग नांदेड, धुळे, शेवटी गोंदिया, चंद्रपूर. धाकटी म्हणाली, दादा, एवढ्या लांब? म्हटलं, तिथल्या बाया बाळंत होत नाहीत काय?

उद्या यादी लागतेय. मी पाळी बदलून घेतलीय.